फाटकाला लावलेली वीट आणि शाळेची माणुसकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या चौथीतल्या नातवाच्या पायावर त्याच्या शाळेचे सरकते लोखंडी फाटक कलंडले आणि त्याच्या उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले. मूल आता बरे आहे. प्लास्टर अजून निघालेले नाही, आणि त्यावर सही करायची वर्गातल्या कुणाचीच राहिलेली नाही. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे जे घडले ते गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कोणत्याही शाळेत घडू शकले असते. ३१ वर्षे शिक्षिका आणि त्यातली अखेरची सहा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काढलेली असल्यामुळे हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. अपघाताबद्दल मला फार काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते अपघातानंतर शाळेच्या कार्यालयात आमच्याशी जे बोलणे झाले त्याबद्दल.

तरीही आधी ते फाटक कसे होते हे सांगितले पाहिजे. असे फाटक जमिनीत बसवलेल्या रुळावरून चाकांनी सरकते. रूळ संपतो तिथे चाक पुढे निघून जाऊ नये म्हणून लोखंडाचा एक जाड तुकडा वेल्डिंग करून बसवलेला असतो, त्याला कुणी अडकण म्हणते, कुणी स्टॉपर. या शाळेतली अडकण पावसाळ्यातच तुटली होती आणि तिच्या जागी शिपाईमामांनी एक वीट ठेवली होती. संध्याकाळी रूळ झाडताना ती बाजूला काढायची आणि सकाळी पुन्हा लावायची, असा क्रम निदान दोन महिने चालला होता. चाकाच्या धडका खाऊन वीट एका कडेने जवळजवळ निम्मी झाली होती, हे मी स्वतः पाहिले. त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाईमामांना कार्यालयाने बँकेत पाठवले होते, वीट भिंतीशी पडलेली होती, आणि तीन-चार मुलांनी मिळून फाटक ढकलले. मुले फाटक ढकलणारच. नऊ वर्षांच्या मुलासमोर चाके असलेली वस्तू ठेवायची आणि त्याने तिला हात लावू नये अशी अपेक्षा करायची, हे बाळबोध आहे.

आम्हाला निरोप मिळायला पाऊण तास लागला. संध्याकाळी कार्यालयात आमच्यापुढे दोन कागद आले. एकात ‘विद्यार्थी स्वतःच्या निष्काळजीपणाने फाटकाशी खेळत असताना’ अशी सुरुवात होती. दुसऱ्यात ‘आमची शाळेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही’ असे वाक्य होते आणि त्याखाली पालकाच्या सहीची जागा आखलेली होती. शिपाईमामांना दुपारीच कारणे दाखवा नोटीस दिली गेली होती. मग संस्थेचे पदाधिकारी अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, ‘दवाखान्याचा सगळा खर्च संस्था माणुसकी म्हणून करील.’ माझ्या मुलाने सही केली नाही. पण त्या ‘माणुसकी’ शब्दाने मी त्या दिवसापासून अस्वस्थ आहे, कारण मुख्याध्यापिका असताना एक-दोन प्रसंगी मीही तो पालकांपुढे असाच वापरलेला आहे. शाळेच्या आवारात मुलाला सुरक्षित ठेवणे ही माणुसकी नाही. ते कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते सर्वप्रथम शाळा चालवणाऱ्या व्यवस्थापनाचे आहे. रुळाशी वीट ठेवणाऱ्या माणसाचे नंतर.

हे काही नवे सांगणे नव्हे. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती आणि १४ मुले बुडाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००१ च्या निकालात न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि नोकराच्या हलगर्जीपणासाठी मालकाने उत्तर द्यावे हे जुने तत्त्व शिक्षकांच्या चुकीबाबत शाळेला लागू धरले. आपल्याकडे मात्र चूक शिपायाची, म्हणून नोटीस शिपायाला, म्हणून विषय संपला, असा उलटाच हिशेब चालतो. मुलाला आवाराच्या आत घेतले की पालकाची देखरेख शाळेकडे येते. त्या वेळी कुणाला बँकेत पाठवायचे आणि फाटकावर कुणी थांबायचे, हे ठरवणारी खुर्ची शिपाईमामांची नसते.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले गेली. स्वयंपाकघरातली ठिणगी, झावळ्यांचे छप्पर, वरच्या मजल्यावर कोंबून बसवलेली मुले आणि उतरायला एक अरुंद जिना, एवढ्या चार गोष्टी त्या सकाळी एकत्र आल्या होत्या. त्यांपैकी एकही गोष्ट त्या सकाळी निर्माण झालेली नव्हती; येणारे-जाणारे सगळे त्या रोज पाहत होते, जशी आम्ही ती वीट पाहत होतो. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले की, मुलाच्या शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क आलेला आहे. आग विझवण्याची साधने प्रत्येक इमारतीत सहज नजरेस पडतील अशा जागी असावीत, असेही निर्देश त्यात आहेत.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा आमच्या शाळेतली आग विझवण्याची दोन्ही नळकांडी माझ्या कार्यालयातल्या कपाटामागे होती. मुले पिन ओढतात म्हणून ती तिथे सुरक्षित राहावीत, असा त्यामागचा विचार. त्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठीवरची पुनर्भरणाची तारीख उलटून तीन वर्षे झाली होती. शाळेचे मागचे दार मुले मधल्या सुट्टीत पळून जाऊ नयेत म्हणून कुलूपबंद असे, आणि किल्ली ज्या सेवकाच्या खिशात असे तो अनेकदा टपाल घेऊन बाहेर गेलेला असे. ही व्यवस्था मी नियुक्त झाल्यावर आणखी दीड वर्ष तशीच चालू दिली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हजेरीपट पाहिले, शालेय पोषण आहाराची नोंदवही पाहिली, शिल्लक तांदूळ मोजला. मागच्या दाराची किल्ली कुणी विचारली नाही. आमच्या सुदैवाने काही घडले नाही. पण सुदैव ही काही शाळा चालवण्याची पद्धत होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन दर जानेवारीत व जुलैत तसे प्रमाणपत्र सादर करायला लावतो. कार्यालयात याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. आपल्या मुलांच्या शाळेचा शेवटचा फॉर्म बी कोणत्या तारखेचा आहे, हे किती पालकांना माहीत असेल? मुख्याध्यापकांपैकीही काहींना हा प्रश्न नवा वाटेल, हे मी अनुभवावरून लिहिते.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, आवाराला भिंत किंवा कुंपण हे सारे मान्यतेच्या अटी म्हणून घातलेले आहे. कुंपणाची गोष्ट निघाली म्हणून सांगते, निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात कुंपण म्हणजे बिबट्याचाही प्रश्न असतो, शोभेचा नव्हे. मात्र हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आहे. बालवर्गातली तीन-चार वर्षांची मुले, ज्यांना घरी येऊन नीट सांगताही येत नाही, ती त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये शाळांची सुरक्षेबाबतची जबाबदारी निश्चित करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गेले, त्यातून त्या आल्या. खासगी शाळेत व्यवस्थापन आणि मुख्याध्यापक, सरकारी शाळेत मुख्याध्यापकांबरोबर शिक्षण प्रशासन, असे जबाबदार कोण ते त्यात नोंदवलेले आहे. असुरक्षित बांधकाम हा निष्काळजीपणा आहेच, पण वैद्यकीय मदत मिळवून देण्यात केलेला उशीर आणि आधी आलेल्या तक्रारीकडे केलेले दुर्लक्ष हेही त्यात निष्काळजीपणाच धरले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना या सूचना अमलात आणायला सांगितले. आमच्या प्रकरणातला पाऊण तास आणि दोन महिन्यांची वीट या सूचनांपुढे ठेवून पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता त्या सहीच्या कागदाविषयी, कारण नाशिकच्या पालकांनी हा भाग नीट समजून घ्यावा असे मला वाटते. प्रवेशाच्या वेळी किंवा सहलीच्या आधी ‘काही बरे-वाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे छापलेले हमीपत्र बहुतेकांनी कधी ना कधी भरून दिलेले असते. अशा सहीने फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाड मोडणे कायद्याने गंभीर दुखापतच आहे. भरपाईचा हक्क तर मुलाचा आहे. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असेपर्यंत दाव्याची मुदत थांबलेली असते आणि ते सज्ञान झाल्यावर मोजली जाते. न्यायालयात दावा चालू असेल तर खुद्द आई-वडिलांनाही न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाच्या वतीने तडजोड करता येत नाही. ज्या हक्कावर जन्मदात्यांनासुद्धा असे सहज पाणी सोडता येत नाही, तो कार्यालयातल्या टेबलावर, मूल क्ष-किरण तपासणीच्या रांगेत असताना, पाच मिनिटांत सोडून घेण्याची ही रीत शाळांनी स्वतःहून बंद केली पाहिजे. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेतून विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूनंतर दीड लाख रुपये मिळतात. ते शासनाचे सानुग्रह अनुदान आहे, संस्थेच्या दायित्वाची पावती नव्हे. तो अर्ज भरून देण्यात शाळा जी तत्परता दाखवतात, तिच्यामुळे पालकांचा या बाबतीत गोंधळ होतो.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांतल्या सुरक्षेचा सगळा विचार सीसीटीव्हीभोवती फिरू लागला आहे. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात कॅमेऱ्यांबरोबर कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि गैरप्रकार घडल्यास २४ तासांत वरिष्ठांना कळवण्याचे बंधनही आहे. परंतु खरेदी करता येते अशी वस्तू कॅमेराच असल्याने तोच सर्वांच्या लक्षात राहिला. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो की कंत्राटी, पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करणे शाळांवर बंधनकारक केलेले आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला त्या कायद्याच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. बदलापुरात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला तो याच कारणासाठी. ‘शाळेची बदनामी नको, आपसात मिटवू’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकले आहे. तेव्हा ते समंजसपणाचे वाटत असे. अशा प्रकरणात ते बोलणारा स्वतः गुन्हा करत असतो, हे आता तरी प्रत्येक संस्थेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.

कॅमेरा आमच्याही नातवाच्या शाळेत होता. फाटक पडताना त्यात अगदी स्पष्ट दिसते.

शाळांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची, म्हणजे शिपाई-सेवकांची, पदे रिकामी होतील तशी संपवून त्यांच्या जागी ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. ज्या शाळेत पूर्वी चार सेवक होते तिथे आज एक कायम आणि एखादा रोजंदारीवरचा उरतो, आणि घंटा, फाटक, पाणी, टपाल, बँक एवढे सगळे त्या एकट्याच्या अंगावर पडते. पगाराखेरीजच्या खर्चासाठीचे वेतनेतर अनुदान उशिरा येते, पुरत नाही. पण एका अडकणीचे वेल्डिंग अनुदानाची वाट पाहण्याइतके महाग नसते. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही फॅब्रिकेटर अर्ध्या तासात ते करून देतो, आणि शाळेत त्याचे मूल शिकत असेल तर पैसेही घेत नाही. ज्या संस्थेने त्याच काळात स्नेहसंमेलनासाठी मंडप, ध्वनिव्यवस्था आणि प्रमुख पाहुण्यांच्या फलकांवर खर्च केला, तिने पैशाची सबब सांगू नये.

सरकारी शाळांचे दुखणे निराळे आहे. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने देशभरातल्या शाळांची सुरक्षा तपासणी करण्याचे राज्यांना कळवले. आपल्याकडे धोकादायक वर्गखोलीसाठी ‘निर्लेखन’ नावाचा शब्द आहे. खोली वापरण्याजोगी नाही असा प्रस्ताव शाळेकडून वर जातो, बांधकाम विभागाचा अभियंता पाहून जातो, मंजुरी फिरून येते आणि मग खोली पाडली जाते. ही मंजुरी येईपर्यंतच्या काळात मुले कुठे बसतात, हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेले नसते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पावसात बाहेर बसवणे शक्य नसते, म्हणून ती त्याच खोलीत बसतात. आश्रमशाळांत तर मूल रात्रीही तिथेच असते, त्यामुळे ‘शाळेची वेळ’ नावाची सबबही तिथे उरत नाही.

म्हणून माझी शिक्षण विभागाला आणि शहरातल्या संस्थाचालकांना एक साधी सूचना आहे. प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात, जिथे आज दहावीच्या गुणवंतांचे फोटो असतात त्याच्याच शेजारी, एक फलक लावावा. त्यावर इमारतीची संरचनात्मक तपासणी, अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र आणि कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी शेवटची कधी झाली त्या तारखा असाव्यात, आणि त्याखाली व्यवस्थापनातर्फे उत्तरदायी असलेल्या पदाधिकाऱ्याचे नाव व पद असावे. शिपायाचे नव्हे. शेजारी एक नोंदवही असावी, तीत पालक, शिक्षक, सेवक कुणीही ‘दुसऱ्या मजल्यावरचा कठडा हलतो’ असे एका ओळीत लिहू शकेल आणि कुणी, कधी दुरुस्त केले ते पुढच्या रकान्यात येईल. अशी वही असती तर शिपाईमामांनी वीट ठेवण्याआधी अडकण तुटल्याचे लिहिले असते. त्यांनी तोंडी तीनदा सांगितले होते, असे ते म्हणतात. मला ते खरे वाटते, पण तोंडी सांगितलेले कुठेच नोंदवलेले नाही आणि नोटीस मात्र लेखी आहे. संस्थांना हा फलक नको असेल, कारण तारीख लिहिली की ती उलटून गेल्याचे पहिलीतल्या मुलाच्या आजीलाही दिसते. आम्हा आज्यांना शाळेबाहेर थांबायला वेळ भरपूर असतो.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्यांनीही आपले काम गणवेशाच्या रंगापुरते ठेवू नये. वर्षातून दोनदा सर्वांनी मिळून शाळेला एक चक्कर मारावी. गच्चीचे दार, पाण्याच्या टाकीचे झाकण, विजेची मुख्य पेटी, प्रयोगशाळेतली गॅसची नळी आणि फाटकाचा रूळ, एवढे पाहायला एक तास पुरतो.

आमच्या प्रकरणात पुढे काय झाले ते लिहून थांबते. फाटकाला तिसऱ्या दिवशी नवी अडकण बसली. शिपाईमामांची नोटीस मागे घेतलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, म्हणून माझ्या मुलाने तसा अर्ज दिला असून त्यात भरपाईबरोबर ती नोटीस कुणाला द्यायला हवी होती, हेही विचारले आहे. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे आणि आज तिसरा आठवडा चालू आहे. विटेचा उरलेला अर्धा तुकडा मी शाळेची परवानगी घेऊन घरी आणून ठेवला आहे. सुनावणीला बोलावले तर तो दाखवायचा आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
इंदिरानगर, नाशिक